खोडी कुणाची, खोड कुणाला

दिवाळी नुकतीच सरली होती. उदगीरच्या आमच्या घरात एका संध्याकाळी सगळे एका मोबाइलभोवती गोळा झाले. पुतण्यानं दक्षिण आफ्रिकेतून व्हिडिओ पाठवला होता. कंपनीच्या कामासाठी तो केपटाउनला गेलेला, आणि रविवारी सोबतच्यांबरोबर सायमन्स टाउनच्या पुढं, समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यानं फिरायला निघालेला. व्हिडिओत गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे. एक दांडगा बबून सावकाश चालत येतो, मागच्या दाराची कडी ओढतो, कमरेपर्यंत आत शिरतो आणि पिशवी घेऊन बाहेर पडतो. पिशवीत वहिनीनं इथून बांधून दिलेला चिवडा, शंकरपाळे आणि शेंगदाण्याची चटणी. कठड्यावर बसून त्यानं आधी चिवड्याचे दोन बकाणे भरले, मग चटणीची पुडी फाडली, तोंड घातलं, जोरात शिंकला, नाक चोळलं आणि पुन्हा चटणीतच हात घातला. तिथं व्हिडिओ संपतो. जेमतेम चाळीस सेकंद. घरात हसून हसून पोटं दुखली. उदगीरची चटणी आफ्रिकेच्या टोकाला पोचली, आणि खाणारा शिंकूनही थांबला नाही, याचं वहिनीला फार कौतुक वाटलं.

आबाही हसले. आबा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याऐंशी, उभा जन्म बैलांमागं गेलेला. व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तेव्हा मात्र ते हसले नाहीत. मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्यांनी दार उघडलं जातं तेवढाच भाग पाहिला आणि विचारलं, "दार कसं उघडायचं ते त्याला कुणी दावलं?"

कुणी उत्तर दिलं नाही. कुणाला ते विचारण्याजोगंही वाटलं नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही, कारण तो मी लहानपणापासून वेगळ्या शब्दांत ऐकत आलो आहे. आमच्याकडं बैल उधळला, गाडी चिखलात गेली, माणूस पडला, की आधी पडलेल्याला उठवायचं आणि लगेच विचारायचं, "बैल कशानं बुजला?" फटफटीच्या आवाजानं, वाऱ्यावर उडालेल्या कागदानं, छत्री उघडल्यानं, की धुरकऱ्यानं उगीच पराणी टोचली म्हणून? कारण सापडेपर्यंत ती हकिकत पुरी झाली असं कुणी मानत नसे. पडलेल्याची फजिती सांगून लोक हसत, खूप हसत, पण कारण सांगितल्याशिवाय कुणी उठत नसे. त्यामागं साधा हिशेब होता. उद्या तोच बैल, तीच गाडी आणि तोच रस्ता होता. कारण कळलं नाही तर उद्या पुन्हा पडायचं.

आमचा हा मुलूख जनावरांच्या जातीवरून ओळखला जातो. देवणी ही जात ज्या गावाच्या नावानं देशभर ठाऊक आहे ते देवणी आमच्या शेजारचं. तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन वाण. वानेरा पांढरा, पण तोंड काळं. नाव ऐकलं की काळतोंड्या वानर आठवतोच. शेजारी कंधारची लाल कंधारी. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल यांची दाटी असते. जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो, तो तिसऱ्याला कळू द्यायचा नसतो. खोड मात्र चारचौघांत, उघड विचारतात. मारका आहे का, लाथाळ आहे का, आउताला खांदा टाकतो का, बुजरा आहे का?

या 'खोड' शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो आणि खोड जन्मजात असते असं धरून चालतो. पण दावणीवरची माणसं बोलतात ते ऐकावं. ती म्हणतात, बैलाला खोड लागली. नव्या गड्यानं खोड लावली. लागलेली आणि लावलेली गोष्ट बाहेरून येते. कुणीतरी ती आणलेली असते. आणि त्याच शब्दाच्या पाठीला पाठ लावून दुसरा शब्द आहे, खोडी. खोडी काढणारा वेगळा, खोड लागणारा वेगळा. जाता जाता कुणी वासराच्या कपाळावर हात देऊन रेटारेटीचा खेळ खेळतो. वासरू ढुशा देतं, पोरं टाळ्या पिटतात. दोन वर्षांनी त्याचा मारका बैल होतो, आणि तेव्हा खेळणारा गावातही नसतो. खोडी त्याची, खोड बैलाला. बैलाची किंमत उतरते ती मालकाच्या पदरची, आणि पुढं नशीब फुटतं ते बैलाचं.

प्रवासातल्या प्राण्यांच्या गमतीजमती ऐकताना मला हेच म्हणायचं असतं. प्रवासी खोडी काढून पुढं जातो. त्याच्या हकिकतीत दार उघडणारा बबून येतो. ते दार त्याच्यासाठी आधी कितीदा उघडं राहिलं ते येत नाही. ती गंमत म्हणजे एका लांब गोष्टीचा मधला तुकडा. आधीचा भाग आधीच्या प्रवाशांनी घडवलेला असतो आणि नंतरचा भाग पाहायला आपण तिथं थांबत नाही.

केपच्या त्या रस्त्याची पुढची गोष्ट ठाऊक आहे. तिथल्या स्मिट्सविंकल उपसागराजवळच्या टोळीत एक मोठा नर होता. लोकांनी त्याला फ्रेड हे नाव दिलं होतं. गाड्यांची दारं उघडायची, आत घुसून पिशव्या पळवायच्या, यात तो इतका तरबेज झाला की त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. लोक हसले. गाड्या मुद्दाम थांबू लागल्या, खिडकीतून खाणं पुढं येऊ लागलं. मग खाणं हातातून सुटलं नाही, तेव्हा तो चावला. माणसं जखमी झाली. मार्च २०११ मध्ये त्याला पकडून औषध देऊन मारण्यात आलं. ज्यांनी त्याला खिडकीतून दिलं त्यांपैकी बहुतेक जण तोवर आपापल्या देशात परतले असतील आणि तो व्हिडिओ अजून कुणाला तरी दाखवत असतील. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेच मला जास्त छळतं.

त्याच देशात बबूनची याहून जुनी एक हकिकत आहे. तिला मी कधी हसू शकलो नाही, फक्त थक्क होत आलो. युटेनहेग नावाच्या रेल्वे स्टेशनवर जेम्स वाइड हा सिग्नल सांभाळणारा माणूस होता. अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले होते. १८८१ च्या सुमाराला त्यानं जॅक नावाचा बबून विकत घेतला. जॅक त्याची ढकलगाडी ढकलायचा आणि पुढं सिग्नलचे दांडेही ओढायला शिकला. इंजिनाच्या शिट्या ओळखून कोणता दांडा ओढायचा ते त्याला कळत असे. एका प्रवाशानं तक्रार केली, तेव्हा रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी येऊन त्याची परीक्षा घेतली आणि त्याला कामावर ठेवलं. १८९० मध्ये तो मेला. त्याची कवटी ग्रॅहम्सटाउनच्या आल्बनी संग्रहालयात आहे. उदगीरच्या स्टेशनवर परळीकडची गाडी उभी राहते, तेव्हा सिग्नलकडं बघताना मला कधी कधी जॅक आठवतो. जंगली जनावर दांड्याला जुंपावं असं मी म्हणणार नाही. पण या हकिकतीला आधीचा भाग आहे आणि नंतरचाही आहे. त्याला कुणी, का, कसं शिकवलं ते सांगितलं जातं, कारण शिकवणारा रोज त्याच्यासोबत त्याच रुळांशेजारी उभा होता. दोन शहाण्या नरांची आयुष्यं मी अशी शेजारी ठेवून पाहतो. दोघंही माणसाकडून शिकले. एकाला शिकवणारा शेवटपर्यंत सोबत होता. दुसऱ्याला शिकवणारे रोज नवे होते.

आफ्रिकेपर्यंत तरी कशाला जायचं. नांदेड जिल्ह्यात माहूरगड आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला आमच्याकडून घरटी कुणी ना कुणी जातंच. मी सहावी-सातवीत असताना आम्ही सगळे गेलो होतो. पायऱ्या चढताना वानरानं आत्याच्या हातातली ओटीची पिशवी ओढून नेली. नारळ आपटत खाली गडगडला, आणि लाल खण घेऊन वानर झाडावर. त्यानं तो हुंगला, चावून पाहिला, मग टाकून दिला. खण फांदीला अडकून फडफडत राहिला. आत्या आधी घाबरली, मग डोळ्यांत पाणी येईतो हसली, म्हणाली, देवीनं ओटी झाडावरच मागून घेतली. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ती हकिकत निघते आणि निघावीही, आत्याच्या तोंडून ती फार गोड लागते. तिचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही, आणि मला तो नीट आठवतो. उतरताना आत्यानं फुटाणे आणि केळी विकत घेतली आणि त्याच वानरांना स्वतःच्या हातानं घातली. मीही घातली. वानराच्या गार, कोरड्या बोटांचा तळहाताला झालेला स्पर्श अजून आठवतो. त्या स्पर्शाइतकं खरं फार थोडं मी त्या वयात अनुभवलं होतं.

तेव्हा कुणी ते चूक आहे म्हटलं असतं तर मला राग आला असता. आज मी ते चूक मानतो, आणि का मानतो ते आबांच्याच दावणीवरून सांगतो. वानर हा मुख्यतः पाल्यावर जगणारा प्राणी. त्याचं पोट गाईच्या पोटासारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. त्यातले सूक्ष्म जीव पाला आंबवतात आणि त्यावर त्याचं पोषण होतं. आता पोळ्याचा सण डोळ्यांपुढं आणा. बैलाला प्रत्येक घरी पुरणपोळी, प्रत्येक दारात धान्याचं सूप. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं पोट फुगलेली जनावरं दिसतात, कारण धान्य आणि गोड एकदम गेलं की त्या पोटातला आंबवण्याचा क्रम बिघडून आम्ल वाढतं. जाणता शेतकरी म्हणून पोळ्यालाही घासच देतो, पोळी नव्हे. वर्षातून एका दिवसाचा हा लाड बैलाला सोसत नाही. वानराला आपण रोज बिस्किटं, केळी, फुटाणे, फरसाण देतो. त्याच्या नशिबी रोजच पोळा.

पोटाच्या पुढची गोष्ट रस्त्याची. घास रस्त्यावर मिळतो हे कळलं की टोळी रस्त्यावर येते. पिल्लं पोटाशी धरून माद्या डांबरावर बसतात, आणि गाड्या काही सगळ्याच थांबत नाहीत. त्याच्याही पुढची गोष्ट शेताची. माणसाच्या हातचा घास घेऊन ज्यांची भीती मोडली, ती वानरं बांधावरही माणसाला भीत नाहीत. हरभरा घाट्याला आला, तूर शेंगांना आली, की राखणीला बसलेल्या माणसाच्या देखत टोळी शिवारात उतरते. त्याला गोफणीचा आवाज करण्यापलीकडं फारसं काही करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि त्याचं स्वतःचं मनही मारुतीच्या रूपाला दगड मारायला धजत नाही. देवदर्शनाला आलेला माणूस पुण्य घेऊन गेला, आणि त्याची किंमत ज्यानं मोजली तो तर त्या दिवशी गडावरही नव्हता.

यावर कुणी म्हणेल, भूतदया ही आपल्या रक्तातली गोष्ट आहे, ती टाकायची का? हा आक्षेप मला फार जड वाटतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे. त्या गावाच्या दप्तरात ३२ एकर जमीन माकडांच्या नावानं नोंदलेली आहे. २०२२ मध्ये ही बातमी देशभर गेली, आणि तीही गंमत म्हणूनच गेली. पण नुसतं सातबाऱ्याचं नवल करून पुढं जाऊ नये. त्या गावात माकड दारात आलं तर त्याला खायला देतात, पूर्वी लग्नात आधी माकडांचा मान होत असे, आणि त्या जमिनीवर वनखात्यानं झाडं लावली. ३२ एकर आणि झाडं! ती नोंद कुणी केली ते गावालाही आज सांगता येत नाही, पण ज्यानं केली त्यानं घास हातात ठेवला नाही, तर जागा दिली, असं मी समजतो. रोजच्या घासाबद्दल माझं मत उपळ्यातही बदलत नाही. तरी एक फरक मानावाच लागतो. उपळ्याचा माणूस माकडाला घास देतो तेव्हा त्या घासाचे परिणामही त्याच्याच पत्र्यावर, त्याच्याच परड्यात उड्या मारतात. तो दोन्ही भाग जगतो. खिडकीतून केळं देणारा फक्त एकच भाग जगतो. माझा वाद आहे तो या एका भागाच्या दयेशी.

कारण न विचारता हसलं की काय होतं, हे मराठवाड्यानं डिसेंबर २०२१ मध्ये पाहिलं. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात लवूळ गावी वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांवर नेऊ लागली. काही पिल्लं वरून पडून, काही उपाशी राहून मेली. बघता बघता ही माकडांच्या आणि कुत्र्यांच्या टोळीयुद्धाची गोष्ट झाली. वानरं सूड घेताहेत, अडीचशे कुत्री मारली, असे आकडे जगभर फिरले, त्यावर चित्रं निघाली, विनोद झाले. पुढं तो आकडा खूप फुगवलेला निघाला. वानरं पिल्लांच्या अंगावरच्या पिसवा-गोचीड वेचायला, आपल्या पिल्लासारखं जवळ धरायला त्यांना नेत असावीत, असंही जाणकारांनी सांगितलं. नागपूरच्या पथकानं दोन वानरं पकडून दूर जंगलात सोडली आणि जगाला त्या गोष्टीत रस उरला नाही. मी त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्या बातम्या वाचत होतो. सूड हा शब्द किती सहज येऊन बसला! माणसाची गोष्ट माकडाच्या तोंडावर चढवली की हसायला सोपं जातं, कारण मग कारण शोधायचं काम उरत नाही. लवूळमध्ये आबांचा प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारायला हवा होता.

आता एक असा प्रसंग, जिथं माझंच मन माझ्या मताशी भांडतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. म्हणजे आफ्रिका खंडाच्या त्या टोकाचं जनावरच आपल्याकडं प्रवासाला आलं. मार्च २०२५ मध्ये वासरावर झडप घातलेल्या चित्त्यांच्या कुटुंबावर गावकऱ्यांनी दगड फेकले. काही दिवसांनी, एप्रिलच्या उन्हात, एक माणूस कॅनमधलं पाणी ताटात ओततो आणि मादी व तिचे बच्चे येऊन ते पितात, असा व्हिडिओ सगळीकडं फिरला. तो माणूस वनखात्याच्याच गाडीवरचा चालक होता. त्याच्यावर कारवाई झाली. दगड मारणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटलं, आणि पाणी देणाऱ्याबद्दल त्याहून जास्त. एप्रिलमध्ये तहानलेल्याला पाणी देणं मराठवाड्यातल्या माणसाला चूक वाटूच शकत नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. तरीही मला वाटतं, खात्याचं म्हणणं बरोबर होतं. माणसाच्या हाताशी पाणी असतं हे शिकलेला चित्ता उद्या गावात उतरेल, आणि उतरलेल्या चित्त्यासाठी गावात दगड तयारच आहेत. ताट ठेवणारा हात आणि दगड उचलणारा हात चित्त्याला वेगवेगळे ओळखता येणार नाहीत. पाणी द्यायचंच तर जंगलात पाणवठा करून द्यावा, माणसाचा वास नसलेला. हे पटतं, आणि पटूनही तो व्हिडिओ पाहताना डोळे भरून येतात. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक खोटं ठरवून सोपं करायचं नाही.

उदगीरला मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चार बोल्या एकाच बाजारात चालतात. माकडाला कुणी बंदर म्हणतं, कुणी कोती. पण जनावर बिथरलं की सगळ्या बोल्यांत कारण विचारतात, असं मी पाहत आलो आहे. ते शहाणपण अजून आमच्यात आहे, फक्त दावणीपुरतं राहिलं. दावणी रिकाम्या झाल्या, ट्रॅक्टर आले, जनावर आता बहुतेकांना सहलीत किंवा मोबाइलवरच भेटतं, आणि तिथं भेटताना आपण तो प्रश्न घरी ठेवून जातो. खोड विचारल्याशिवाय बैल न घेणारा माणूस वानराला घास देताना काहीच विचारत नाही.

मी त्या रात्री पुतण्याला फोन केला. म्हटलं, बबून दाराशी येण्याआधीचं काही आहे का व्हिडिओत? तो म्हणाला, "होतं काका, दोन-तीन मिनिटांचं. पाठवायला मोठं पडत होतं म्हणून कापलं, आणि मग पुसूनच टाकलं." काय होतं त्यात? तो आठवून सांगू लागला. पुढं एक गाडी उभी होती. तिच्या काचेतून एक लहान हात बाहेर आला होता, बिस्किटासारखं काहीतरी धरलेला. ती गाडी गेली आणि तो यांच्याकडं वळला. आणि पिशवी पळवल्यानंतर? तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, राखणदार आले होते. त्यांच्या हातात रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका होत्या, बबूनांना वस्तीवरून हाकलायला तिथं तशाच वापरतात. दोन गोळ्या त्याच्या पाठीवर बसल्या. तो ओरडत डोंगराकडं पळाला, चटणीची पुडी तोंडात तशीच.

सकाळी आबांना हे सगळं सांगितलं. ते अंगणात बसले होते. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. मग विचारलं, "त्या लेकराचा हात कितवर आला होता म्हणलास, काचेबाहेर?"